‘तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?’ : घटनेचा अर्थ लावायला मदत करणाऱ्या एका सेवेबद्दल

मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये गुणवत्तेचं काम पाहते. आमच्याकडे घडलेल्या एका घटनेचा उलगडा करण्यासाठी रुग्णालयाने बाहेरच्या एका संस्थेची सेवा घेतली. घटनेशी संबंधित माणसांशी एकेकट्याने बोलायचं, मग सगळ्यांना एकत्र बसवून नेमकं काय झालं याची मांडणी करायची, वरिष्ठांपुढे ती ठेवायची आणि शेवटी अहवाल द्यायचा, असं त्या सेवेचं स्वरूप. संस्थेचं नाव मी देत नाही, कारण त्यावरून आमचं रुग्णालय आणि त्यातली माणसं ओळखता येतील. पण अशी सेवा आता अनेक जण देतात आणि कारखाने, बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, रुग्णालयं ती घेतात. घ्यावी की नाही असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. सेवा घ्यावी. तिचा मधला टप्पा अप्रतिम आहे. शेवटचा टप्पा कमकुवत आहे, इतका की मधल्या टप्प्यात मिळालेलं बरंचसं तो गमावून बसतो. त्यामुळे करार करतानाच काही गोष्टी हट्टाने मागून घ्याव्या लागतात.

घटना काय होती ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. ते ६ च्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो, म्हणून असा रिपोर्ट आला की लॅबमधून ताबडतोब वॉर्डला फोन जातो. एका संध्याकाळी एका रुग्णाचं पोटॅशियम ६.७ आलं. फोन गेला. रेसिडेंटने, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, ईसीजी काढला, त्यात विशेष काही नव्हतं. तरी आकडा मोठा होता, म्हणून त्याने ठरलेले उपचार सुरू केले: कॅल्शियम आणि ग्लुकोजसोबत इन्शुलिन. दीड तासाने पुन्हा रक्त पाठवलं तर पोटॅशियम ४.३. दरम्यान रुग्णाची साखर उतरली होती. त्याला घाम फुटलेला सिस्टरच्या लक्षात आला, तिने लगेच साखर तपासली आणि पुढचं टळलं. रुग्ण बरा होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. वॉर्ड म्हणाला, लॅबचं मशीन बिघडलंय. बायोमेडिकल इंजिनिअरने क्यूसीचे, म्हणजे मशीनच्या रोजच्या गुणवत्ता-तपासणीचे, कागद पुढे केले. मशीन व्यवस्थित होतं. लॅबमधल्या काहींचा पहिला अंदाज होता की रक्त काढताना पेशी फुटल्या असणार, कारण लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि पेशी फुटल्या की ते बाहेर येतं. पण आमचं मशीन प्रत्येक सॅम्पलचा हिमोलिसिस इंडेक्स, म्हणजे पेशी किती फुटल्या याचा आकडा, मोजतं आणि तो या सॅम्पलमध्ये अगदी सामान्य होता. मग लॅबने दुसरी कहाणी धरली: सॅम्पल चांगलं, मशीन चांगलं, म्हणजे पोटॅशियम खरोखरच वाढलेलं होतं आणि उपचारांनी ते उतरलं. ऐकायला एकदम बरोबर. इन्शुलिनने तासाभरात साधारण १ च्या आसपास उतार पडतो, इथे तो २.४ पडला होता. हा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. रेसिडेंट मंडळींनी आपल्यापुरता निष्कर्ष काढला की या लॅबचा रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. या साऱ्या कहाण्या प्रामाणिक होत्या. प्रत्येकीमागे पुरावा होता. आणि प्रत्येक कहाणी सांगणाऱ्याला तिच्यात आपल्या कामापुरतं समाधान मिळत होतं.

अशा वेळी आमच्याकडे नेहमी एक समिती बसते, फिशबोनची (माशाच्या काट्यासारखी, शक्य कारणं मांडणारी) आकृती काढते आणि ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत वापरते. या दोन्ही साधनांना मी नावं ठेवणार नाही. यंत्राचा बिघाड शोधायला ती उत्तम आहेत. पण पाच ‘का’ एकाच ओळीत खाली उतरतात आणि पहिला ‘का’ कुणाला विचारला यावर ती ओळ कुठे पोचणार हे ठरतं. सिस्टरला विचारला तर प्रशिक्षणापाशी पोचते, इंजिनिअरला विचारला तर देखभालीच्या करारापाशी. याआधीच्या अशा प्रसंगांत आम्ही बहुतेक वेळा प्रशिक्षणापाशीच पोचलो होतो. या खेपेला लॅब आणि वॉर्ड यांच्यात बोलणंच कठीण होऊन बसलं, म्हणून वैद्यकीय अधीक्षकांनी बाहेरच्यांना बोलावलं.

आलेले दोघे जण, एक बाई आणि एक तरुण मुलगा, वैद्यकीय क्षेत्रातले नव्हते. सुरुवातीला मला ते खटकलं. पोटॅशियम म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागतं ते आम्हाला काय उलगडून दाखवणार? पुढे लक्षात आलं की त्यांना समजावताना आम्हीच आमच्या गृहीतकांना उजेडात आणत होतो. ‘इंडेक्स नॉर्मल आहे म्हणजे सॅम्पल चांगलं आहे’ हे वाक्य आम्ही आपापसात कधी पूर्ण उच्चारतही नाही. त्यांच्यासाठी ते उच्चारावं लागलं आणि त्या बाईंनी साधा प्रश्न विचारला: ‘इंडेक्स नेमकं काय मोजतो?’

पहिलं सत्र ओळखीचं होतं आणि त्यात त्यांनी आपल्या पद्धतीमागचा विचार सांगितला. तो मुख्यतः कार्ल वाइक या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा आहे. वाइकचं म्हणणं मला समजलं ते असं. संस्थेतली माणसं आधी परिस्थिती पूर्ण समजून घेतात आणि मग कृती करतात, असं घडत नाही. ती काहीतरी करतात, त्यातून काहीतरी समोर येतं आणि मागे वळून पाहताना त्याचा अर्थ लागतो. समोर असंख्य गोष्टी असताना माणूस दोन-चार खुणा उचलतो. कोणत्या उचलतो हे तो स्वतःला कोण समजतो यावर ठरतं. सिस्टरला घाम दिसतो, टेक्निशियनला इंडेक्स दिसतो. आणि तो लावत असलेला अर्थ अचूक असण्याची वाट पाहिली जात नाही, काम पुढे चालू राहील इतका पटण्याजोगा असला की पुरतो. हा अर्थ एकटा माणूसही लावत नाही. बोलण्यातून, फोनवरून, हँडओव्हरच्या वहीतून तो तयार होतो.

मग त्यांनी अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या मॅन गल्चच्या वणव्याची गोष्ट सांगितली. वाइकने १९९३ साली तिच्यावर लिहिलेला निबंध या विषयात सर्वाधिक वाचला गेलेल्यांपैकी आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी १५ अग्निशामक पॅराशूटने उतरले, खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. आग किरकोळ आहे, उद्या सकाळी दहापर्यंत आटोक्यात येईल, अशा समजुतीने ते आले होते. आगीने वाट बदलली आणि ती उलट त्यांच्याच दिशेने चढू लागली. तुकडीप्रमुख वॅग्नर डॉज याने हत्यारं टाकायला सांगितली, स्वतःच्या पुढचं गवत पेटवून दिलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत येऊन आडवे व्हा अशी हाक दिली. कुणालाही त्या कृतीचा अर्थ लागला नाही. १३ जण गेले. डॉज त्या राखेत वाचला आणि आणखी दोघे वर कड्यापर्यंत पोचून वाचले.

ही गोष्ट त्यांनी फार लांबवली. नकाशे, उतारांची चित्रं, मिनिटामिनिटाचा हिशेब यात जवळजवळ सगळं सत्र गेलं, आणि रात्रपाळी करून थांबलेल्या सिस्टर्स डोळे ताणून बसल्या होत्या. हे सत्र निम्म्यावर आणता येईल आणि आणायला हवं. पण त्यातून एक गोष्ट आमच्या कामी आली. ‘सकाळी दहापर्यंतची आग’ असं एकदा मनात बसल्यावर पुढची चिन्हं त्या चौकटीत बसवली गेली, तसं आमचंही झालं होतं का? त्या मुलाने आमचा इन्सिडंट फॉर्म पडद्यावर लावला. फॉर्ममध्ये प्रकार निवडावाच लागतो: उपकरण, कर्मचारी, प्रक्रिया, रुग्ण. रेसिडेंटने ‘उपकरण’ निवडलं होतं. त्यामुळे फॉर्म आपोआप बायोमेडिकलकडे गेला, इंजिनिअर आला, त्याने मशीन तपासलं, ‘दोष नाही’ लिहिलं आणि घटना बंद झाल्याचा मेल सगळ्यांना गेला. घटनेला पहिल्या अर्ध्या तासात जे लेबल लागलं त्याने कोण येणार, काय तपासणार आणि कधी थांबणार हे ठरवून टाकलं होतं. तो फॉर्म मी रोज पाहते. त्याच्याकडे या नजरेने पाहायला मला बाहेरचा माणूस लागला.

आता मधला टप्पा, ज्यासाठी मी ही सेवा इतरांना सुचवते.

एकट्या-एकट्याच्या भेटींमध्ये त्या बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रश्नाभोवती राहत: ‘तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?’ ‘असं का केलं?’ हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. फरक छोटा वाटतो, पण उत्तरं पूर्ण वेगळी येतात. ‘का केलं’ विचारलं की माणूस वकील होतो. ‘काय दिसत होतं’ विचारलं की तो त्या संध्याकाळी परत जातो. रेसिडेंटने सांगितलं की फोन आला तेव्हा तो दुसऱ्या रुग्णाला नळी घालत होता, आकडा त्याने सिस्टरच्या हातावर पेनने लिहिलेला वाचला, आणि ईसीजी साधा दिसल्यावर त्याला शंका आली होती. मग त्याने लॅबला फोन करून ‘सॅम्पल ठीक आहे का?’ असं विचारलं. लॅबने ‘ठीक आहे’ म्हटलं. हा दुसरा फोन कुठल्याच कागदावर नव्हता. टेक्निशियनच्या आठवणीत होता, पण तिच्या लेखी तो नेहमीचा फोन होता: इंडेक्स पाहिला, नॉर्मल होता, तसं सांगितलं. रेसिडेंटने त्या उत्तरावर इन्शुलिन सुरू केलं.

नंतरच्या सत्रात भिंतीवर एक लांबलचक कागद लावला. वरून वेळेची रेघ, खाली आडवे पट्टे: सिस्टर, रेसिडेंट, सॅम्पल नेणारे मामा, रिसेप्शन काउंटर, टेक्निशियन, मशीन. प्रत्येकाने त्या वेळी स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, केलेलं आणि मनात आलेलं पांढऱ्या कार्डावर लिहायचं. नंतर कळलेली गोष्ट लिहायची असेल तर पिवळं कार्ड. ‘करायला हवं होतं’ हे शब्द कुठल्याच कार्डावर चालणार नाहीत.

या पांढऱ्या-पिवळ्या नियमामागे एक जुना प्रयोग आहे. बारूख फिशहॉफ या संशोधकाने १९७५ साली लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. काहींना युद्धाचा शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना एखादा शेवट सांगितला होता त्यांना तोच शेवट आधीपासून जास्त संभवनीय होता असं वाटलं, आणि आपल्या मतावर त्या माहितीचा परिणाम झालाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चौकशी समितीत बसणाऱ्या प्रत्येकाची अवस्था तीच असते. शेवट माहीत असतो, म्हणून वाटेतल्या खुणा ठळक दिसतात. रंगाच्या साध्या नियमाने हा दोष पूर्ण जात नाही, पण तो डोळ्यांना दिसू लागतो. आमच्या भिंतीवर पहिल्या फेरीत निम्मी कार्डं पिवळी निघाली. ज्या गोष्टी आपल्याला ‘तेव्हाच माहीत होत्या’ अशी सर्वांची खात्री होती, त्यातल्या बऱ्याचशा नंतर कळलेल्या होत्या.

मग सिस्टरने आपलं कार्ड वाचलं. ‘साडेसहाला रक्त काढलं. मामा दुसऱ्या वॉर्डात होते. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली.’

तिच्या शेजारी बसलेली टेक्निशियन झटकन वळली. जे लॅबमध्ये काम करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: रक्त वेगळं न करता तसंच थंडीत ठेवलं तर पेशींमधला पोटॅशियम आत खेचणारा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत. द्रव लाल होत नाही. म्हणून हिमोलिसिस इंडेक्स सामान्य राहतो आणि पोटॅशियम मात्र वाढलेलं येतं.

त्या क्षणी त्या बाईंनी जे केलं त्यासाठी माझ्याकडून त्यांना पूर्ण गुण. टेक्निशियन काही बोलणार एवढ्यात त्यांनी हात वर केला आणि सिस्टरला विचारलं, ‘फ्रिजमध्ये ठेवताना तुमच्या मनात काय होतं?’ सिस्टर म्हणाली, ‘सॅम्पल खराब होऊ नये. फ्रिजवर तसं लिहिलंय ना.’ आम्ही सगळे उठून वॉर्डात गेलो. फ्रिजच्या दारावर खरोखर सूचना होती: पाठवायला उशीर होत असेल तर सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवावे. ती मायक्रोबायोलॉजीने लघवीच्या कल्चरसाठी (जंतूंच्या तपासणीसाठी) लावलेली होती आणि त्यासाठी ती बिनचूक आहे. फक्त तिचं शीर्षक वर चिकटवलेल्या दुसऱ्या कागदाखाली गेलं होतं. नव्याने आलेल्या सिस्टरने उरलेलं वाक्य वाचलं आणि काळजीपूर्वक पाळलं.

बाकीच्या गोष्टी मग एकेक करून जागेवर बसल्या. संध्याकाळच्या पाळीत दोन वॉर्डांना मिळून एकच मामा देण्यात आले होते आणि ते साडेआठला एक फेरी मारत. प्रशासनाच्या दृष्टीने तो बदल योग्य होता, संध्याकाळी सॅम्पल कमी असतात. रिसेप्शन काउंटरवर ट्यूब पोचेपर्यंत तिचा गारवा गेलेला असे. रक्त काढल्याची वेळ म्हणून एलआयएसमध्ये, म्हणजे लॅबच्या संगणक प्रणालीत, पडत होती ती वॉर्डमध्ये बारकोड छापल्याची. आणि तो बारकोड मामा आल्यावर छापला जाई. त्यामुळे लॅबला ट्यूब नेहमी ताजी दिसत होती.

इथे त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं, या वेळी दोन मिनिटांत, आणि ते चपखल बसलं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा मात्र विझलेला होता. ऑपरेटरांनी त्याचा अर्थ लावला की व्हॉल्व्ह बंद आहे. दिवा प्रत्यक्षात सांगत होता एवढंच की व्हॉल्व्हला बंद होण्याचा विद्युत संकेत गेला आहे. दोन तासांहून अधिक काळ त्या व्हॉल्व्हमधून अणुभट्टीचं पाणी जात राहिलं. आमचा इंडेक्सही पेशी फुटल्या नाहीत एवढंच सांगत होता. ‘सॅम्पल ठीक आहे’ हे आम्ही त्यात वाचत होतो, आणि फोनवर ते वाक्य ऐकणारा रेसिडेंट त्यात ‘आकडा खरा आहे’ असं वाचत होता. प्रत्येक टप्प्यावर अर्थ थोडासा फुगला आणि कुणीही खोटं बोललं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून मी त्या वॉर्डचे आधीच्या काही आठवड्यांचे पोटॅशियमचे आकडे काढले आणि सकाळचे व संध्याकाळचे शेजारीशेजारी ठेवले. संध्याकाळची रांग सरळसरळ वर सरकलेली होती. ५.३, ५.६, ५.४. एकेकट्या रुग्णाच्या कागदावर हे आकडे कुणाला थांबवणारे नव्हते. मूत्रपिंडाचा त्रास असेल, औषधांचा परिणाम असेल, अशी स्पष्टीकरणं सहज मिळत गेली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना हेच दाखवलं. २८ जानेवारी १९८६ ला ते यान उड्डाणानंतर लगेच हवेतच तुटून सात जण गेले, पण रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती आणि दर वेळी यान सुखरूप परतल्याने ती झीज चालण्याजोगी ठरत गेली. नियम मोडल्याची भावना कुणालाच नव्हती. आमच्याकडेही नव्हती.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: सुरुवातीच्या भेटींच्या यादीत मामा नव्हते. ते कंत्राटी कर्मचारी आहेत आणि आमच्या प्रशासनाने दिलेल्या यादीत फक्त कायम कर्मचारी होते. संस्थेने ती यादी तशीच स्वीकारली. भिंतीवरचा ‘सॅम्पल नेणारे मामा’ हा पट्टा रिकामा राहिला तेव्हा त्या मुलाच्या लक्षात आलं आणि मग त्यांना बोलावलं. ते आले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, ‘त्या वॉर्डच्या ट्यूब हाताला गार लागतात. बाकीच्या वॉर्डांच्या नाही लागत.’ तुम्ही हे कुणाला सांगितलं का, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, ‘मला कोण विचारणार मॅडम?’ पूर्ण रुग्णालयात ही गोष्ट एकाच माणसाच्या हाताला माहीत होती. ज्या सेवेचा पायाच मुळी ‘कुणाला काय दिसतं’ हा आहे, तिने दिलेल्या यादीवर विसंबणं मला अक्षम्य वाटतं. सॅम्पल ज्या-ज्या हातांतून गेलं ते हात त्यांनी स्वतः शोधायला हवे होते.

दुसरी तक्रार वरिष्ठांच्या सत्राची. भिंतीसमोर खुर्च्या अर्धवर्तुळात होत्या. अधीक्षक आणि विभागप्रमुख आले आणि पहिल्या रांगेत बसले. तिथून पुढे सिस्टर ‘मी’ म्हणायची थांबली. ‘वॉर्डमध्ये असं होतं’, ‘सॅम्पल ठेवलं जातं’ अशी वाक्यं सुरू झाली. मांडणी करणाऱ्यांनी हे ओळखून बैठकीची रचना बदलायला हवी होती. त्यांनी घाई केली, कारण वरिष्ठांकडे वेळ कमी होता. याहून गंभीर म्हणजे, वरिष्ठांना त्यांच्या स्वतःच्या समजुतींबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. ‘संध्याकाळी काम कमी असतं’ ही समजूत खालच्या कुणाची नव्हती. मामांची पाळी तिच्यावर ठरली, काउंटरवरची माणसं तिच्यावर ठरली. वाइकने १९८८ साली भोपाळच्या दुर्घटनेवर लिहिताना हाच मुद्दा मांडला आहे: वरच्यांनी एखादं ठिकाण महत्त्वाचं नाही असं धरलं की तिथली माणसं, पैसा आणि लक्ष कमी होत जातं, आणि ती समजूत मग प्रत्यक्षात उतरते. पहिल्या सत्रात वाइकचं नाव इतक्या वेळा घेणाऱ्यांनी वरिष्ठांसमोर त्याचा हा भाग गाळला.

तिसरी तक्रार अहवालाची. भिंतीवर सहा पट्टे होते, सहा जणांना दिसलेली सहा संध्याकाळ होती. अहवालात एकच कहाणी आली, सुरुवात-मध्य-शेवट असलेली, आणि शेवटी ‘मूळ कारण: विभागांमधील संवादाचा अभाव’. हे वाचून मला फार वाईट वाटलं. संवादाचा अभाव नव्हताच. दोन फोन झाले होते. सूचना लावलेली होती. मेल गेला होता. प्रत्येक निरोप पोचला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा वेगळा पण पटण्याजोगा अर्थ लागला होता. नेमकं हेच तर आम्ही भिंतीपुढे उभं राहून शिकलो होतो. मी त्यांना तसं कळवलं. त्यांनी परिशिष्टात भिंतीचे फोटो जोडून दिले, जे अहवालातलं सर्वांत मौल्यवान पान ठरलं, पण मुख्य वाक्य बदललं नाही. ग्राहकाला एक कारण हवं असतं, असं त्यांचं म्हणणं. हवं असतं हे खरं आहे. म्हणून ते देऊ नये.

सेवेसोबत एक ॲपही मिळतं. कर्मचाऱ्यांनी रोजचे छोटे अनुभव त्यात लिहावेत अशी कल्पना. आमच्याकडे ते कुणी वापरत नाही. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

काही जणांनी मला विचारलं की हे सगळं आपलं आपण करता येणार नाही का. छोट्या प्रसंगांसाठी नक्की येतं. अमेरिकन सैन्यात सरावानंतर घेतल्या जाणाऱ्या आढाव्याचे प्रश्न साधे आहेत: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. पाळी संपताना दहा मिनिटांत आम्ही ते आता करतो आणि उपयोग होतो. पण जिथे बाजू पडलेल्या असतात तिथे आतला माणूस पुरत नाही. मी वॉर्डमध्ये जाऊन कितीही सौम्यपणे विचारलं तरी ऐकणाऱ्याला लॅबच विचारते आहे असं ऐकू येतं. बाहेरून आलेल्या बाईंना सिस्टरने फ्रिजचं सहज सांगितलं. मला सांगितलं नसतं आणि त्यात तिचा काही दोष नसता.

आमच्याकडे काय बदललं? सूचना विभागवार झाल्या, फ्रिजवर आता फक्त लघवीचा उल्लेख आहे. बारकोड रक्त काढतानाच, रुग्णाजवळ छापला जातो. संध्याकाळी मामांच्या फेऱ्या वाढल्या. पोटॅशियम ६ च्या वर आलं की टेक्निशियन इंडेक्ससोबत ‘ट्यूब कुठे होती, किती वेळ होती’ हेही विचारते, आणि फोनवर ‘सॅम्पल ठीक आहे’ असं म्हणायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. म्हणायचं ते असं: ‘इंडेक्स नॉर्मल आहे, बाकी मला माहीत नाही.’ इन्सिडंट फॉर्ममधला प्रकार निवडण्याचा रकाना पहिल्या पानावरून काढून टाकला. आता तिथे मोकळी जागा आहे आणि वर लिहिलंय, ‘तुम्हाला काय दिसलं ते लिहा.’ पहिल्या काही फॉर्मांत लोकांनी एकेक ओळ लिहिली. आता अर्धं पान भरतं.

एका वेगळ्या घटनेसाठी आम्ही त्याच संस्थेला पुन्हा बोलावलं आहे. या वेळी करारात लिहून घेतलं आहे की भेटींची यादी ते स्वतः करतील आणि त्यात कंत्राटी कर्मचारी असतील; रात्रपाळीच्या माणसांना त्यांच्या पाळीच्या वेळात भेटतील; कोण काय बोललं हे नावानिशी वर जाणार नाही; विभागप्रमुखांचीही भेट सिस्टरसारखीच, त्याच प्रश्नाने होईल; आणि अहवालात ‘मूळ कारण’ हा रकाना नसेल, भिंतीवरचे सगळे पट्टे जसेच्या तसे असतील. शेवटच्या अटीवर त्यांनी थोडा वेळ घेतला, पण सही केली.